परसातली फुले आणि आपले ताट

फूल म्हटले की आपल्या मनात काय येते? देवाची परडी येते, वेणी येते, लग्नातला हार येतो. फूल खायचे असते असे कोणी म्हटले, तर पुष्कळांना ते चमत्कारिक वाटेल. परंतु वाचकहो, जरा आपल्या स्वयंपाकघराकडे नजर टाका. मसालेभातात आपण लवंग घालतो. ती लवंग म्हणजे झाडावरची न उमललेली कळी. श्रीखंडात केशर घालतो. ते केशर म्हणजे एका फुलाच्या पोटातले तीन लाल तंतू. फ्लॉवरची भाजी तर आठवड्यातून एकदा होतेच, आणि तिच्या नावातच फूल आहे. पाडव्याच्या सकाळी कडुनिंबाचा कोवळा पाला आणि फुले, गूळ, जिरे, मिरे, हिंग, ओवा असे वाटून आपण तोंडात टाकतो. म्हणजे फुले खाण्याची आपली रीत जुनीच आहे. आपण ती करतो, पण तिच्याकडे लक्ष देत नाही, एवढेच.

मी वनस्पतिशास्त्राचा माणूस नव्हे. महाविद्यालयात मराठी शिकवतो. परंतु माझे बालपण मुळशी तालुक्यातल्या हिंजवडीत गेले. आज हिंजवडी म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे संगणकाच्या कंपन्यांच्या काचेच्या इमारती येतात आणि त्यांच्यापुढे खोळंबलेली वाहने येतात. माझ्या लहानपणी तिथे भाताची खाचरे होती. चैत्रात म्हातोबाच्या यात्रेला बगाड निघे, तसे ते आजही निघते. प्रत्येक घरामागे थोडेसे परस असे. त्या परसात शेवगा, हादगा, चार केळी आणि गोठ्याच्या छपरावर चढवलेला भोपळ्याचा वेल एवढी मंडळी ठरलेली असत. तेव्हा हा विषय मी पुस्तकात शिकलो नाही, आजीच्या चुलीपाशी शिकलो. त्याचे शास्त्र मात्र पुढे महाविद्यालयातल्या जाणत्या मित्रांकडून समजून घेतले.

पहिला धडा मला भोपळ्याने दिला. मी नऊ-दहा वर्षांचा असेन. श्रावणात छपरावर पिवळीधमक फुले उमलली होती. आजी शेतावर गेली होती. तिला खूश करावे म्हणून मी छपरावर चढून ओंजळी भरभरून सगळी फुले तोडून आणली. आठवडाभर रोज सकाळी हाच उद्योग केला. रोज भजी होत होती, मी खूश होतो. मग एके दिवशी आजीने टोपली पाहिली आणि कपाळाला हात लावला.

"आरं, लेकुरवाळी बी तोडलीस व्हय रं? आता भोपळं कुठनं येत्याल?"

त्या वर्षी आमच्या वेलाला मोजून दोन भोपळे लागले. भाद्रपदात ज्या घारग्या व्हायच्या त्या झाल्या नाहीत. आमच्या घरात भोपळा म्हणजे गणपतीनंतरच्या दिवसांतली हक्काची भाजी होती. ती विकत आणावी लागली. मला कोणी मारले नाही, पण तो धडा पक्का बसला.

आजी जिला लेकुरवाळी म्हणत होती ते मादीफूल. भोपळ्याच्या एकाच वेलावर दोन जातींची फुले येतात. नरफुलाचा देठ लांब आणि सडपातळ असतो, पाकळ्यांखाली दुसरे काही नसते. मादीफुलाच्या पाकळ्यांखाली मात्र सुपारीएवढा इवलासा भोपळा आधीच बसलेला दिसतो. नरफुलातले पराग मधमाशी मादीफुलापर्यंत नेते, आणि मगच तो इवलासा भोपळा वाढीला लागतो. पराग पोहोचले नाहीत तर तो पिवळा पडून गळून जातो. म्हणजे मादीफूल तोडले तर भोपळाच तोडला, आणि सगळी नरफुले तोडली तर मादीफुले वांझ राहिली. दोन्ही बाजूंनी नुकसान आपलेच.

यावर उपाय सोपा आहे. वेलावर नरफुले मादीफुलांपेक्षा पुष्कळ जास्त येतात आणि आधी येऊ लागतात. तेव्हा खुडायची ती नरफुलेच, आणि तीही सगळी नाहीत. रोज उमललेल्यांपैकी निदान तिसरा हिस्सा वेलावर राहू द्यावा. वेळही सांभाळावी. भोपळ्याचे फूल पहाटे उमलते आणि दुपारच्या आत मिटते. मधमाश्यांचे काम सकाळच्या प्रहरीच उरकते. म्हणून नऊ-दहाच्या सुमाराला फूल खुडले तर माशीचे काम झालेले असते आणि फूलही अजून ताजे असते. मिटल्यावर ते कोमेजणारच असते; ते वाया जाण्याआधी आपल्या कढईत येते, एवढेच.

आता भजी. फूल उघडून आत मुंगी किंवा माशी अडकली नाही ना ते पाहावे. मधली परागाची दांडी काढून टाकावी, देठाची बारीक लव ओरबाडावी, आणि फूल पाण्यात हलक्या हाताने बुचकळून निथळत ठेवावे. दोन वाट्या डाळीच्या पिठात दोन चमचे तांदळाची पिठी, ओवा, तिखट, हळद, मीठ घालून सरसरीत भिजवावे. फूल अख्खे बुडवून मध्यम आचेवर तळावे. तेल महाग वाटत असेल तर फुले चिरून कांद्याबरोबर परतावी, त्यात भिजवलेली मुगाची डाळ घालावी आणि झाकण ठेवून वाफ आणावी. दहा-बारा फुलांत दोन माणसांची तोंडीलावण्याची सोय होते. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. भोपळा, दुध्या, काकडी या कुळातले कोणतेही फूल किंवा फळ चाखताना कडू लागले, तर ते खाऊ नये. तो कडूपणा विषारी द्रव्याचा असतो, आणि शिजवून तो जात नाही.

पाऊस ओसरू लागला की हादग्याची पाळी येते. सप्टेंबरच्या अखेरीस सूर्य हस्त नक्षत्रात जातो आणि गावोगाव मुली पाटावर हत्तीचे चित्र मांडून फेर धरतात. कुठे त्याला भोंडला म्हणतात, कुठे हादगा. याच सुमाराला हादग्याचे झाड फुलू लागते आणि पुढे थंडीभर फुलत राहते. त्याचे फूल मोठे, बोटभर लांब, बाकदार, बहुधा पांढरे, क्वचित तांबडे. हे झाड वालाच्या-पावट्याच्या कुळातले. हवेतला नत्र मुळांवरच्या गाठींमध्ये साठवण्याची या कुळाची खुबी आहे, म्हणून ते जमिनीला भारी पडत नाही. पानमळ्यांतून विड्याच्या वेलाला आधार म्हणून शेवरीबरोबर हादगाही लावत आले आहेत.

हादग्याच्या फुलात एक मख्खी आहे. मधला तुरा, म्हणजे पुंकेसर आणि स्त्रीकेसर, कडवट असतो. फूल सोलून तो तुरा आणि देठाकडची हिरवी टोपी काढून टाकायची. हे काम वेळखाऊ असले तरी मुलांना आवडते. मग फुले धुऊन जाडसर चिरावी. लोखंडी तव्यावर तेलाची फोडणी, तिच्यात ठेचलेला लसूण, हिरवी मिरची आणि भरपूर कांदा. कांदा मऊ झाला की फुले टाकावी. पाणी घालू नये. फुलाला त्याचे स्वतःचे पाणी सुटते. पाच-सात मिनिटांत भाजी आळते. शेवटी मीठ आणि मूठभर दाण्याचे कूट. टोपलीभर फुले शिजून वाडगाभर होतात, तेव्हा मीठ आधी घालण्याची घाई करू नका. माझ्यासारख्या शिकाऊ माणसाची भाजी पहिल्या खेपेला खारट होते ती याच कारणाने.

पौष-माघात शेवगा फुलतो. शेवग्याची गंमत अशी की त्याला येणाऱ्या सगळ्याच फुलांच्या शेंगा होत नाहीत. पुष्कळ फुले आपोआप गळून पडतात. म्हणून रात्री झाडाखाली जुने धुवट लुगडे अंथरून ठेवावे आणि सकाळी वेचून घ्यावे. शेंगेचे नुकसान शून्य. झाडावर मात्र चढू नये, मुलांना तर मुळीच चढवू नये. शेवग्याचे लाकूड ठिसूळ असते आणि फांदी न सांगता मोडते. ही फुले निवडून, दोन-तीन पाण्यांतून धुऊन, हलके पिळून घ्यावी. कांद्याच्या फोडणीत परतावी, वरून डाळीचे पीठ पेरावे, पाण्याचा हबका मारून झाकण ठेवावे. असा पीठ पेरलेला झुणका आणि ज्वारीची किंवा बाजरीची भाकरी असली म्हणजे दुसरे कालवण लागत नाही.

केळफुलाला ऋतू नाही. केळीचा घड धरून झाला की खाली लोंबणारा तो जांभळा कळा नुसता घडाचे अन्न खात राहतो. शेवटची फणी धरल्यावर तो कापला तर घडाला फायदाच होतो. हे फूल साफ करताना तळहाताला तेल लावावे, नाहीतर चिकाने हात काळे होतात. वरची जाड पाने काढत जावे. प्रत्येक पानाखाली फुलांची ओळ असते. त्या प्रत्येक फुलातली एक ताठ काडी आणि एक पारदर्शक पापुद्रा काढून टाकायचा. हे दोन्ही शिजत नाहीत. बाकीचे बारीक चिरून लगेच ताकाच्या पाण्यात टाकावे आणि रात्रभर ठेवावे. त्याने तुरटपणा उतरतो आणि फूल काळे पडत नाही. सकाळी पिळून, भिजवलेले काळे वाटाणे किंवा हरभरे घालून शिजवावे. गूळ, गोडा मसाला आणि ओले खोबरे असेल तर ही भाजी पाहुण्याला वाढण्यासारखी होते.

परसाच्या पलीकडे रान आहे, आणि रानातल्या फुलांनी पुष्कळांना वाईट दिवसांत जगवले आहे. सह्याद्रीच्या उतारांवर आणि विदर्भात मोहाची फुले मार्च-एप्रिलमध्ये पहाटे टपटप गळतात. ती मांसल आणि गोड असतात. वाळलेल्या मोहफुलाच्या वजनात निम्म्याच्या आसपास साखरच असते. आदिवासी घरांत ती वाळवून ठेवतात, भाजून खातात, पिठात घालून भाकरी करतात. दारूच्या धाकाने सरकारने 1892 साली ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी मोहफुलांवर निर्बंध घालणारा कायदा केला. ज्या फुलाने उन्हाळ्यात पोटाला आधार मिळे, त्यावर पहारा बसला. सरकारच्या लेखी ते दारूचे साधन होते, रानातल्या माणसाच्या लेखी ते धान्य होते. एकाच वस्तूकडे पाहण्याच्या दोन नजरा किती निराळ्या असू शकतात, हे शिक्षकांनी मुलांना या उदाहरणावरून जरूर सांगावे.

पहिल्या पावसाच्या सुमाराला शेवळे येतात. सुरणाच्या जातीतल्या या कंदाचा फुलोरा जमिनीतून वर येतो आणि ठाणे-मुंबईकडे आदिवासी बाया त्याच्या जुड्या विकायला आणतात. शेवळ्यात सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात. नीट रांधले नाही तर घशाला अशी खाज सुटते की माणूस हवालदिल होतो. म्हणून त्याचा आतला खालचा दाणेदार भाग काढून टाकतात आणि काकडाची आंबट फळे किंवा चिंच घालून ते खूप शिजवतात. काकड हे शेवळ्याबरोबर त्याच बाईकडे मिळते, आणि ती बाई ते घेतल्यावाचून तुम्हाला जाऊ देत नाही. तिचे ऐकावे. तिच्या आग्रहात विक्रीची हाव नसते, पिढ्यांची पारख असते.

येथपर्यंत वाचून कोणी उत्साहाने कोणतेही फूल तोडून कढईत टाकील, म्हणून आता या लेखातला सर्वांत महत्त्वाचा भाग सांगतो. सुंदर फूल म्हणजे खाण्याजोगे फूल नव्हे. आपल्या दारातली कण्हेर, कुंपणाची पिवळी बिट्टी, उकिरड्यावरचा धोत्रा, बांधावरची रुई, माळावरची घाणेरी, आणि पावसाळ्यात मुळशीच्या डोंगरउतारावर ज्वाळेसारखी फुलणारी कळलावी या सगळ्या विषारी आहेत. कण्हेर आणि बिट्टी हृदयाचे ठोके बिघडवतात. धोत्र्याने माणसाला भ्रम होतो. कळलावीने जीव जातो.

दिसण्यावरून, वासावरून किंवा नात्यागोत्यावरूनही अंदाज बांधता येत नाही. पांढऱ्या कुड्याची फुले कोकणात आणि डोंगरी गावांत भाजीसाठी खुडतात. तोच कुडा आणि आपली कण्हेर ही दोन्ही झाडे एकाच कुळातली आहेत. एक भाऊ ताटात बसतो, दुसरा जीव घेतो. पाखरू खाते, शेळी खाते, म्हणून आपणही खावे, हाही हिशेब खोटा आहे. आता मोबाइलवर फुलाचे चित्र दाखवले की नाव सांगणारी सोय झाली आहे. ती कुतूहलासाठी चांगली आहे. पण ती नाव सुचवते, जिवाची हमी देत नाही.

म्हणून चार नेम पाळावे. पहिला, जे फूल आपल्या घरात किंवा गावात पूर्वीपासून खातात आणि जे ओळखणारे वडीलधारे माणूस समोर आहे, तेवढेच खावे. दुसरा, फुलाचा कोणता भाग खातात आणि कोणता काढतात, तेही त्याच माणसाकडून शिकावे. तिसरा, हारवाल्याकडची फुले, पुष्पगुच्छातले गुलाब आणि औषध फवारलेल्या पिकातली फुले कधीही खाऊ नयेत. गुलकंद करायचा तर आपल्या अंगणातला गावठी गुलाब हवा. रहदारीच्या रस्त्याकडेची आणि सांडपाण्याजवळची फुलेही टाळावी. चौथा, नवे फूल पहिल्यांदा थोडेच खावे, आणि अंगावर पुरळ, ओठांना सूज किंवा दमा यांपैकी काही दिसले तर पुन्हा खाऊ नये. चुकून विषारी फूल पोटात गेले तर घरगुती उपायांत वेळ घालवू नये. ते फूल बरोबर घेऊन तडक दवाखाना गाठावा. फूल पाहिले म्हणजे डॉक्टरांना विष ओळखणे सोपे जाते.

आणखी एक खरे ते सांगून टाकतो. फुलांनी पोट भरत नाही. फुलात बहुतांश पाणी असते. भोपळ्याच्या पिवळ्या फुलात डोळ्यांना उपयोगी असे रंगद्रव्य असते, हे खरे. पण डाळ, भाकरी आणि पालेभाजी यांची जागा फूल घेऊ शकत नाही. मग एवढा खटाटोप कशासाठी, असे तुम्ही विचाराल.

कारण असे. आमच्या हिंजवडीत, माणमध्ये, मारुंजीत ज्या घरांची परसे गेली, त्या घरांत आज पैसा कमी नाही. पक्की घरे आली, मुले शिकली, आणि याचे मला वाईट वाटत नाही. परंतु परस गेले तेव्हा त्याच्याबरोबर एक विद्याही गेली. माझ्या आजीला लिहिता येत नव्हते. नरफूल कोणते, खुडायचे केव्हा, किती ठेवायचे, कडू काय काढायचे, हे सगळे तिच्या बोटांत होते. ती गेली तेव्हा मी महाविद्यालयात शिकत होतो, कविता आणि अलंकार पाठ करत होतो. कुड्याची फुले ती कोणत्या ओढ्याकाठून आणत असे आणि त्यांचा कडवटपणा कसा काढत असे, हे मी तिला विचारले नाही. पुढे विचारायला आईकडे गेलो, तर आई म्हणाली, "ते तुझ्या आजीलाच ठाऊक होतं, बाळा." आमच्या घरात त्या भाजीची वाट तिथे संपली. रानात कुडा अजून फुलतो. पण मघाशी सांगितलेला पहिला नेम मलाही लागू आहे. ओळखून देणारे माणूस उरले नाही, म्हणून मी त्याला हात लावत नाही.

हे तुमच्या घरात होऊ नये यासाठी शिक्षक बंधुभगिनींना एक सूचना करावीशी वाटते. आपल्या वर्गात एक फुलांची वही सुरू करा. प्रत्येक मुलाने घरातल्या आजी-आजोबांना, आत्याला, मामीला विचारून एकेक फूल लिहून आणावे. गावातले नाव काय, कोणत्या महिन्यात येते, कोणता भाग खातात, कोणता काढून टाकतात, कसे रांधतात, आणि हे सांगितले कोणी. वहीच्या शेवटच्या चार पानांवर लाल शाईने गावातली विषारी फुले लिहावी. चव घेण्याचा कार्यक्रम शाळेत करू नये. ओळख तेवढी शाळेत करावी, चव घरी आईसमोर. नरफूल आणि मादीफूल हा धडा फळ्यावर खडूने काढण्यापेक्षा भोपळ्याच्या वेलापाशी मुलांना नेऊन शिकवला, तर तो परीक्षेनंतरही त्यांच्या लक्षात राहील. ते मी स्वानुभवाने सांगतो.

ज्यांच्याकडे हातभर जागा आहे त्यांनी पावसाळ्याच्या तोंडावर शेवग्याची एक जाड फांदी रोवावी आणि हादग्याचे चार बी टाकावे. दोन्ही झाडे लवकर वाढतात आणि फारशी निगा मागत नाहीत. जागा नसेल त्यांनी गच्चीवर मोठ्या पिंपात भोपळ्याचा वेल लावावा. भोपळे कमी लागतील, पण नरफुले भरपूर मिळतील.

येत्या हस्तात तुमच्या अंगणात मुली फेर धरतील आणि शेवटी झाकलेल्या डब्यातली खिरापत ओळखायला सांगतील. पोहे, डाळ, करंजी ही नावे सगळ्या जणी झटकन घेतील. एखाद्या दिवशी त्या डब्यात हादग्याच्या फुलांची भजी ठेवून पाहा. कोणाला ओळखता येते ते बघा. ओळखली नाही कोणी, तर डबा उघडून दाखवा, आणि ती कशी करतात ते त्याच वेळी सांगून टाका.